झाडाच्या बाजूनं सुरुवात कर

लोंढा, ता. खानापूर, जि. बेळगाव

प्रिय भाचीबाईस,


तुझं पत्र मिळालं. जपानीच्या हिरागाना आणि काताकाना या लिप्या पटकन आल्या, व्याकरण तर आपल्या ओळखीचंच निघालं, क्रियापद शेवटी आणि प्रत्यय नामाच्या मागे, आणि कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, सुरू झाल्यावर सगळं अडलं, असं तू लिहितेस. एकेक अक्षर पानं भरभरून गिरवतेस आणि चार दिवसांनी ते परकं होऊन समोर येतं. शेवटी विचारतेस की फोन सगळं लिहूनही देतो आणि वाचूनही दाखवतो, तर हा खटाटोप करायचा कशाला, आणि डिसेंबरच्या परीक्षेचा अर्ज भरायचा की नाही.

अर्ज भर. गिरवणं मात्र आजपासून थांबव. पुण्यात जपानी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कांजीपाशी थकून भाषा सोडणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे. ती थकली, कारण दोन हजार अक्षरं म्हणजे दोन हजार सुटी चित्रं असं त्यांना कुणीतरी वाटू दिलं होतं. जपान सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीत २,१३६ कांजी आहेत, हे खरं. पण ती सगळी थोड्याशा अंगांच्या जोडणीतून उभी राहतात. ज्या अंगाखाली अक्षर कोशात लावतात, त्याला जपानीत बुशु म्हणतात. पारंपरिक कोशात असे बुशु २१४ आहेत. त्यातला पंचाहत्तरावा बुशु झाडाचा. तू त्याच्यापासून सुरुवात कर, दुसरा कुठलाही घेऊ नकोस. लोंढ्याच्या मुलीला सगळ्यांत जवळचा तोच आहे.

आधी आडवी रेघ काढ. मग तिला छेदत खाली जाणारी उभी रेघ. मग छेदापासून डावीकडे उतरणारी आणि शेवटी उजवीकडे उतरणारी. चार फटकाऱ्यांत झाड तयार होतं, वर फांद्या, खाली मुळं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी चीनमध्ये कासवाच्या कवचावर आणि बैलाच्या हाडावर कोरलेलं झाडही जवळजवळ असंच दिसतं. हे अक्षर सुटं असेल तर जपानीत की, जोडशब्दात बहुतेक मोकु किंवा बोकु. दोन झाडं शेजारी उभी केली की हायाशि, म्हणजे राई. तीन झाडं, एक वर आणि दोन खाली, म्हणजे मोरि, दाट रान. झाडाच्या बुंध्याशी छोटी आडवी खूण केली की मूळ, उगम. तेच अक्षर पुस्तकासाठीही वापरतात आणि निप्पोन या नावाचं दुसरं अक्षरही तेच. सूर्य आणि त्याचं मूळ, असा तो देश स्वतःचं नाव लिहितो. खूण खाली न करता शेंड्याला केली की शेवट, टोक.

एवढं वाचून तुला वाटेल की सगळी कांजी अशीच चित्रं असतील. तसं समजलीस तर फसशील. चित्रांवरून झालेली अक्षरं मूठभरच आहेत. बहुतेक अक्षरं दोन अर्धांची असतात. एक अर्ध अर्थाचा प्रांत सांगतं, दुसरं उच्चाराची चाहूल देतं. झाडाचा बुशु बहुतेक वेळा डाव्या अंगाला येतो. तिथे तो अंग चोरून उभा राहतो, उजवीकडची उतरती रेघ आखडून ठिपक्याएवढी होते, शेजाऱ्याला जागा मिळावी म्हणून. जपानी शिक्षक त्याला किहेन म्हणतात, झाडबाजू म्हण हवं तर. पाइनचं झाड, चेरीचं, देवदारासारख्या सुगी या झाडाचं, पर्सिमनचं, पीचचं, सगळी या बाजूची. फांदी, खांब, फळी, काठी, मेज, खुर्ची, फडताळ, पूल हेही. शाळेचंही अक्षर झाडबाजूचं आणि गावाचंही. अनोळखी अक्षर दिसलं आणि डावीकडे झाड असलं, तर ते लाकडाचं, झाडाचं किंवा लाकडापासून निघालेल्या कल्पनेचं आहे असा अंदाज धर. दहापैकी बहुतेक वेळा तू बरोबर असशील.

आता दुसरं अर्ध, ज्याकडे मुलं बघतच नाहीत. फळीच्या अक्षरात झाडाच्या उजवीकडे जे अंग आहे, त्याचा चिनी उगमाचा उच्चार हान. झाड काढून तिथे अन्नाचा बुशु ठेव, शिजवलेला भात होतो, तू रोज गोहान म्हणतेस त्यातला हान. शिंपल्याचा बुशु ठेव, विकणं होतं, कारण जुन्या चीनमध्ये कवड्या-शिंपले हे चलन होतं, उच्चार हान. मातीचा ठेव, चढण होते. रोजच्या बोलण्यात साका, पण चिनी वळणाचा उच्चार पुन्हा हानच. चार वेगळी चित्रं पाठ करण्यापेक्षा एक उच्चारअंग आणि त्याच्या डावीकडे बदलणारे बुशु पाहणं किती सोपं, ते या रविवारी वहीत मांडून पाहा. या जोडणीवरच सगळी लिपी उभी आहे. शू शन नावाच्या चिनी पंडितानं इ. स. १०० मध्ये नऊ हजारांवर अक्षरांचा कोश पुरा केला, तेव्हा त्यानं ती ५४० अंगांखाली लावली. पुढे १६१५ साली मेई यिंगत्सो यानं ही संख्या २१४ वर आणली, आणि १७१६ च्या कांगशी कोशानं तीच मांडणी सगळ्या पूर्व आशियात रूढ केली. त्या कोशात नुसत्या झाडाच्या बुशुखाली तेराशेवर अक्षरं आहेत. कोशात शोधायचं म्हणजे आधी बुशु ओळखायचा, मग उरलेल्या भागाचे फटकारे मोजायचे. फोन आला तरी ही रीत शिकून घे. तिच्यामुळे डोळ्याला अक्षर सोडवून पाहायची सवय लागते.

फोनचं म्हणतेस, तर त्याच्यावरच एक प्रयोग कर. हिरागानात हाशि असं टाइप कर. फोन तुझ्यापुढे पूल, जेवायच्या काड्या आणि कडा असे पर्याय ठेवेल, तिन्हींचा उच्चार हाशि. कुठलं निवडायचं ते फोन सांगणार नाही. पुलाच्या डावीकडे झाड आहे, काड्यांच्या डोक्यावर बांबू आहे, कडेत दोन्ही नाहीत. ज्याला बुशु कळतात तो क्षणात निवडतो. ज्याला कळत नाहीत तो ऑफिसच्या ईमेलमध्ये साहेबाला काड्यांवरून नदी ओलांडायला सांगतो. फोननं लिहिण्याचे कष्ट वाचवले, ओळखण्याचं काम उलट वाढवलं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगते. पहिली अशी की झाड दिसलं म्हणजे बुशु झाडाचाच, असं नाही. माणूस झाडाला टेकला की विश्रांती होते, पण कोशात ते अक्षर माणसाच्या बुशुखाली. झाडाशेजारी डोळा आला तर ते डोळ्याखाली. दुसरी गोष्ट आठवणीसाठी रचलेल्या कथांबद्दल. पूर्व दिशेचं अक्षर, तोक्योमधलं पहिलं, कांगशीत झाडाखालीच आहे, आणि झाडामागून उगवणारा सूर्य म्हणजे पूर्व, असं शू शननंच सांगून ठेवलंय. कथा सुंदर आहे. पण हाडांवरचे जुने आकार पाहिले तर ते दोन्ही टोकांना बांधलेल्या पोत्यासारखे दिसतात, आणि आजचे बहुतेक अभ्यासक तेच मानतात. कथा लक्षात ठेवायला खुशाल वापर. कुणी विचारलं तर इतिहास म्हणून सांगू नकोस.

मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते याच्या पुढचं. तू जपानी शिकतेस म्हणून कांजी जपानी आहे असं समजू नकोस. हाच झाडाचा बुशु चिनी मू, कोरियन मोक, व्हिएतनामी मोक आणि जपानी मोकु आहे. चार भाषा, आणि त्यातल्या जपानी, कोरियन, व्हिएतनामी यांचं चिनीशी कुळाचं नातंच नाही. झाडाला या तिघींचे स्वतःचे शब्दही आहेत, जपानीत की, कोरियनमध्ये नामु, व्हिएतनामीत के. एकाच अक्षराला उसना आवाज आणि घरचा आवाज असे दोन्ही मिळाले. दोन झाडांच्या अक्षराचंच पाहा. चीनमध्ये ते लिन आडनाव, हाँगकाँगकडे लाम, कोरियात इम, व्हिएतनाममध्ये लाम, जपानमध्ये हायाशि. पाच माणसं पाच ठिकाणांहून येऊन एका टेबलाशी बसली तर बोलण्यात एकमेकांची आडनावं ओळखणार नाहीत, कागदावर मात्र ती एकच आहेत. किम, ली आणि पार्क ही कोरियातली सगळ्यांत मोठी तीन आडनावं. त्यातली ली आणि पार्क झाडाच्या बुशुखाली येतात. ली म्हणजे वर झाड आणि खाली मूल, आलुबुखारचं झाड. आपल्या रस्त्यांवर दिसतं त्या सुझुकीच्या नावातही शेवटचा की म्हणजे झाडच, पहिलं अक्षर घंटीचं.

चार देशांनी या वारशाचं वेगवेगळं केलं. कोरियाच्या सेजोंग राजानं १४४३ मध्ये आपल्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी तयार केली, १४४६ मध्ये ती जाहीर झाली. आज दोन्ही कोरियांत तीच चालते, तरी दक्षिण कोरियात शाळेसाठी १,८०० चिनी अक्षरांची यादी आहे. व्हिएतनामनं आपल्या देशी शब्दांसाठी हेच बुशु जोडून नवी अक्षरं घडवली, आणि नंतर सगळंच सोडून रोमन लिपी घेतली. त्यांची चिनी अक्षरांतली शेवटची दरबारी परीक्षा १९१९ साली झाली. ही रोमन लिपी मुख्यतः पोर्तुगीज पाद्र्यांच्या हातून घडली. तिचा कोश अलेक्झांद्र द ऱ्होड यानं १६५१ मध्ये रोमला छापला, आणि पूर्वेला जाताना हा माणूस गोव्यात राहून गेला होता. आपल्या घाटाखाली तेव्हा रोमन अक्षरांत मराठी छापून झाली होती, फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली सासष्टीत, राशोलला निघालं. चीननं १९५६ पासून बरीच अक्षरं सोपी केली. धातूचा, बोलण्याचा असे बुशुसुद्धा कापले. झाडाच्या बुशुला मात्र कुणी हात लावला नाही. बीजिंग, तैपेई, तोक्यो, सेऊल, चारी ठिकाणी तो आजही सारखाच लिहितात.

पण प्रत्येक ठिकाणी खालचं रान वेगळं. जपानी मेजाचं अक्षर चीनमध्ये आज यंत्राचं आहे, कारण यंत्राचं अवघड अक्षर सोपं करताना त्यांनी तेच उचललं. विमानतळावर ते दिसलं तर मेज शोधू नकोस. जपानी त्सुबाकीचं झाड, हिवाळ्यात लाल फुलणारं, चीनमध्ये त्याच अक्षरानं भलतंच झाड आहे. त्याच्या कोवळ्या पालवीची भाजी करतात. जपानी काशिवा हा ओकचा प्रकार, त्याच्या पानात मे महिन्यात गोड मोची गुंडाळतात. चीनमध्ये ते अक्षर म्हणजे थडग्यांजवळ लावायचा सुरू. नवी भूमी गाठलेल्या माणसांनी जुनी नावं समोरच्या झाडांना दिली. आपल्याकडे बेळगावकडचा माणूस एका झाडाला मत्ती म्हणतो, कोकणातला ऐन म्हणतो. इकडे झाड एक आणि नावं दोन. तिकडे अक्षर एक आणि झाडं दोन. म्हणून बुशुवर विश्वास ठेव, पण तो अर्थाचं घराणं सांगतो, व्यक्ती सांगत नाही. ती कोशातच पाहावी लागते.

आता आपल्या मराठी माणसाकडे ये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१० चा. जपाननं चीनवर आक्रमण केलं तेव्हा काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक १९३८ मध्ये तिकडे पाठवलं. त्यात अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी होते. पाचांनाही चिनी नावं मिळाली आणि पाचही नावांचं शेवटचं अक्षर हुआ, म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव ख तीहुआ. त्यातला ख डावीकडे झाड असलेला, अर्थ फांदी किंवा कुऱ्हाडीचा दांडा. ती सुद्धा डावीकडे झाड असलेला, एका फुलझुडपाचं नाव, आणि जुन्या चिनी कवितेपासून ते झुडूप भावाभावांच्या मायेची खूण मानलं जातं. मुखर्जींच्या नावात तर पहिलं अक्षरच मू, उघडं झाड, आडनावाच्या आवाजासाठी घेतलेलं. तेव्हा झाड कधी नुसता आवाज म्हणूनही येतं, हेही लक्षात ठेव.

कोटणीस चिनी बोलायला, वाचायला शिकले. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांनी परिचारिका ग्वो चिंगलान हिच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं, भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले, वय बत्तीस. सोलापुरात त्यांच्या घरी स्मारक आहे. तू सोलापूरला जाशील तेव्हा तिथे जा. घरी मराठी बोलणारा एक माणूस आघाडीवरच्या खेड्यात, जखमींच्या गर्दीत, तेलाच्या दिव्यावर हीच अक्षरं शिकला. तुझ्याकडे वीज आहे, शिक्षक आहेत, कोश आहेत. तुला लाजवायला हे सांगत नाही. हे आपल्या माणसाला झेपतं आणि आपल्यातल्या एकानं ते करून दाखवलं, एवढंच कळावं म्हणून सांगते.

कोटणीसांच्या कितीतरी आधीपासून इकडून तिकडे जा-ये चालू होती, आणि तिच्या खुणाही याच बुशुखाली सापडतात. दोन झाडं वर आणि खाली एक छोटं उच्चारअंग, हे अक्षर ब्रह्म या शब्दासाठी. चिनी फान, जपानी बोन, कोरियन बोम. संस्कृतला जपानीत बोंगो म्हणतात आणि भारतातून गेलेल्या सिद्धम् लिपीला बोंजी. जपानी मठांत, थडग्यांवर ती अजून दिसते. आपल्या चंदनाचं तिकडे सेंदान झालं, दोन्ही अक्षरं झाडबाजूची, आणि रोजच्या जपानीत ते नाव बकाणनिंबाला चिकटलं. गुरुवारचं तर तुला आवडेल. जपानी गुरुवार म्हणजे मोकुयोबी, झाडाचा वार. गुरू ग्रहाला चीननं पंचतत्त्वांतलं लाकूड दिलं होतं, आणि ग्रहांवरून वार मोजायची आपली रीत अमोघवज्र या भिक्षूच्या आठव्या शतकातल्या चिनी ग्रंथातून कूकाई या जपानी भिक्षूनं ८०६ साली जपानला नेली. हिरागाना-काताकानांचा क्रम, आ का सा ता ना हा मा या रा वा, तोही संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून ठरलेला. सा जुन्या उच्चारात चच्या जवळचा आणि हा पूर्वी प होता, हे कळलं की तो क्रम तुझ्या मुळाक्षरांसारखा दिसायला लागतो.

सिद्धम् लिपी म्हणजे ब्राह्मीचीच लेक. आपल्याच तालुक्यात हलशीला, जुन्या पलाशिकेत, कदंब राजांचे ताम्रपट मिळाले. त्यांची लिपीही ब्राह्मीची दुसरी लेक, आणि आजची कन्नड तिच्यातूनच वाढली. मग तू कन्नड का सोडलीस? बोर्डापुरती पाठ केलीस आणि विसरलीस, असं तुझी आई सांगते. सीमाभागात लिपीवरून केवढी भांडणं झाली ती मी पाहिली आहेत. मराठी शाळेतून शिकण्याचा आपला हक्क मी आजही सोडणार नाही. तो हक्क सांगताना शेजारच्या लिपीकडे पाठ फिरवण्याचं मात्र काही कारण नाही. ज्या मुलीनं लोंढा स्टेशनच्या पाटीवर लहानपणापासून एकच नाव कन्नड, देवनागरी आणि रोमन अशा तीन वळणांत वाचलं, तिला एक अक्षर चार भाषांत चार आवाज काढतं यात अवघड काय वाटावं? कोरियानं स्वतःची लिपी केली म्हणून चिनी अक्षरांचा द्वेष करायला हवा होता असं नाही, आणि जपाननं कांजी ठेवली म्हणून त्याची भाषा चिनी झाली नाही. सुटीला आलीस की माझ्याकडे कन्नड वर्तमानपत्र येतं, ते वाचून दाखव.

जपान्यांनी स्वतःही अक्षरं घडवली, चीनमध्ये नसलेली. झाड आणि देव मिळून साकाकी, देवाला वाहायच्या फांदीचं झाड. आपल्या भागातल्या राया देवाच्या नावानं राखल्या गेल्या, त्या पाहिलेल्या माणसाला ही जोडणी समजावून सांगावी लागत नाही. लाकडी चौकटीचं वाकु हे अक्षरही त्यांचंच. झाडबाजूचं नाही तरी एक इथेच सांगून टाकते, कारण कॅसलरॉकच्या घाटातून गाडीनं खाली उतरताना मला ते दर वेळी आठवतं. डोंगर, त्याच्या शेजारी वर, आणि वरच्या खाली खाली. तोगे, म्हणजे खिंड, घाटमाथा. आणि रेल्वेचा स्लीपर जपानीत माकुरागी, उशीचं झाड. चिनी आणि कोरियनमध्येही तीच दोन अक्षरं, आणि उशीच्या अक्षरातही डावीकडे झाडच, जुन्या उश्या लाकडी असत म्हणून. आपल्या मार्गावर ब्रॉडगेज झाल्यावर लाकडी स्लीपर गेले, सिमेंटचे आले. जपानमध्येही तेच झालं, तरी शब्दातली की अजून उच्चारात आहेच.

जपानी कंपनीत नोकरी करायचं तुझ्या मनात आहे. तिथे पहिल्याच दिवशी तुला काबु दिसेल, कंपनीच्या नावाच्या आधी किंवा नंतर, काबुशिकी गाइशामधला. डावीकडे झाड, अर्थ झाड तोडल्यावर उरणारा खुंट, आणि त्यावरून शेअर. याच अक्षराची हान फै त्झं या जुन्या चिनी ग्रंथातली एक गोष्ट चीन, जपान आणि कोरियात मुलांना सांगतात. एका शेतकऱ्याच्या शेतातल्या खुंटावर धावता ससा आपटून मेला. फुकटचं मटण मिळालं म्हणून त्यानं नांगर टाकला आणि पुढचा ससा येईल म्हणून खुंटाशी बसून राहिला. ससा आला नाही आणि शेत पडीक झालं. अक्षरं गिरवून पहिल्या परीक्षेत गुण मिळाले म्हणून पुढेही गिरवतच बसणारी मुलं मला त्या शेतकऱ्याजवळ बसलेली दिसतात.

तेव्हा आता असं कर. परीक्षेच्या याद्या बाजूला ठेव आणि नवी वही घे. एका बुशुला चार पानं दे. झाडापासून सुरू कर, मग पाणी, माणूस, हात, बोलणं, माती, धातू. प्रत्येक अक्षराशेजारी त्याचं उच्चारअंग वेगळ्या शाईनं काढ, आणि ते आणखी कुठे भेटतं ते लिही. अक्षर एकटं पाठ करू नकोस, शब्दात ठेव आणि शब्द वाक्यात. जमलं तर त्याचा चिनी किंवा कोरियन उच्चारही टिपून ठेव. परीक्षेला तो लागणार नाही, पण तो भाऊबंद ओळखला की जपानी उच्चार पक्का बसतो. हातानं लिहिणं पूर्ण सोडू नकोस, पण एकदा नीट, फटकाऱ्यांच्या क्रमानं लिहिलेलं अक्षर मनाशिवाय भरलेल्या पानापेक्षा जास्त टिकतं. रोज थोडं कर आणि रविवारी मागचं चाळ. शिक्षक यादीच्या क्रमानं शिकवत असतील तर वर्गात त्यांचं ऐक, घरी माझं.

सुरुवातीला हळू जाईल. पहिल्या महिन्यात तुझ्या वर्गातली मुलं आकड्यात तुझ्यापुढे असतील, त्यानं खचू नकोस. शे-दीडशे अंगं ओळखीची झाली की नवं अक्षर पुरतं नवं राहत नाही.

पुढचं पत्र हातानं लिही, आणि त्यात एका ओळीत कोटणीसांचं चिनी नाव काढून पाठव. तिन्ही अक्षरांचे बुशु खाली लिही. पहिल्या दोन अक्षरांतल्या झाडांच्या उजव्या रेघा आखडलेल्या आहेत का, ते मी चष्मा लावून पाहणार आहे.

तुझी,
मावशी